गाठीतली प्रथिनं काय सांगतात

पॅथॉलॉजीच्या प्रयोगशाळेत 'आयएचसी' नावाची एक रोजची तपासणी असते. मेणात बसवलेल्या गाठीच्या तुकड्याची अगदी पातळ चकती कापून काचेवर घ्यायची आणि एका ठरावीक प्रथिनालाच चिकटणारी प्रतिपिंडं तिच्यावर सोडायची. ते प्रथिन जिथं असेल तिथं तपकिरी रंग उमटतो. नसेल तिथं पेशीचं केंद्रक फिकट निळं राहतं. दोन वर्षांच्या मुलाच्या मेंदूतून काढलेल्या गाठीवर 'आयएनआय-१' या प्रथिनासाठी ही तपासणी लावली आहे, असं समजा. सूक्ष्मदर्शकाखाली रक्तवाहिन्यांच्या पेशी तपकिरी दिसतात, आजूबाजूच्या निरोगी पेशीही तपकिरी, आणि गाठीच्या पेशी मात्र झाडून साऱ्या निळ्या. निदान बहुधा झालं: एटीआरटी. तान्ह्या आणि अगदी लहान मुलांना होणारी, झपाट्यानं वाढणारी गाठ. रक्तवाहिन्याही निळ्या राहिल्या असत्या, तर पॅथॉलॉजिस्टनं तपासणीच फसली असं धरून ती पुन्हा लावली असती.

ही गाठ पूर्वी मेड्युलोब्लास्टोमा ही मेंदूची दुसरीच गाठ समजली जाई. ती वेगळी आहे हे फिलाडेल्फियाच्या लूसी रोर्क यांनी १९८०च्या दशकात ओळखलं. १९९८मध्ये पॅरिसच्या संशोधकांनी तिच्या जातीच्या गाठींमध्ये बिघडणारं जनुक शोधून काढलं. हे जनुक निकामी झालं की आयएनआय-१ प्रथिन बनतच नाही, आणि ते नाही हे काचेवर दिसतं. म्हणजे मुलांच्या मेंदूतल्या गाठींचं निदान प्रथिनं पाहून करणं ही काही कालपरवाची गोष्ट नाही. मात्र या पद्धतीत एका वेळी एकच प्रथिन पाहता येतं, तेही आधीपासून संशय असलेलं. एकाच तुकड्यातली हजारो प्रथिनं, कुणावरही आगाऊ संशय न घेता, एकदम मोजायची, हे अलीकडच्या काळात जमू लागलं आहे. या शाखेला प्रोटिऑमिक्स म्हणतात. मुलांच्या मेंदूतल्या गाठींसाठी तिची गरज इतर अनेक कर्करोगांपेक्षा जास्त आहे, असं माझं मत आहे. ते का, हे समजायला जनुकांच्या तपासणीत काय झालं ते आधी पाहावं लागेल.

मुलांच्या कर्करोगांत रक्ताचे कर्करोग पहिले, आणि घन गाठींमध्ये मेंदूच्या गाठी पहिल्या. अमेरिकेत तर गेल्या दशकात मुलांच्या कर्करोगमृत्यूंचं पहिलं कारण म्हणून मेंदूच्या गाठींनी ल्युकेमियाला मागं टाकलं. याचं एक कारण म्हणजे ल्युकेमियावरचे उपचार सुधारत गेले, मेंदूच्या गाठींवरचे त्या वेगानं सुधारले नाहीत. लक्षणंही फसवी असतात. मूल सकाळी उठल्याउठल्या ओकतं, डोकं दुखतं म्हणतं, मग दिवसभर बरं असतं. घरात पित्ताचं निमित्त होतं, नाहीतर चष्म्याचा नंबर काढून आणला जातो. चालताना झोक जायला लागला, डोळे तिरळे दिसायला लागले, की मग एमआरआय होतो. (सकाळची उलटी आणि डोकेदुखी आठवडेच्या आठवडे चालली असेल, तर पित्ताच्या गोळ्यांवर थांबू नये, एवढं इथं सांगून ठेवतो.)

दोन हजारच्या दशकात गाठींतला डीएनए वाचणं स्वस्त होत गेलं, तशी आशा वाढली. बिघडलेलं जनुक सापडलं की त्यावरचं औषध शोधायचं, असा सरळ हिशोब होता. प्रौढांच्या काही कर्करोगांत तो जमलाही. मुलांच्या बाबतीत अडचण आली ती अशी, की वाचण्यासारखं फारसं सापडेना. जर्मनीतल्या हायडेलबर्गच्या संशोधकांच्या पुढाकारानं २०१८मध्ये मुलांच्या आणि तरुणांच्या २४ प्रकारच्या ९६१ गाठींचा अभ्यास प्रसिद्ध झाला. प्रौढांच्या कर्करोगांच्या तुलनेत इथं उत्परिवर्तनांचं प्रमाण सुमारे चौदापट कमी भरलं. त्यात तसं आश्चर्य नाही. प्रौढाच्या पेशींनी तंबाखू, ऊन आणि वय असं सगळं झेललेलं असतं. डीएनएत चुका साठायला दशकं मिळालेली असतात. मुलाच्या गाठीला एवढा वेळच मिळालेला नसतो. तिथं बिघडतो तो मेंदू घडण्याचा क्रम. एरवी वाढून, विभागून, ठरल्या वेळी थांबणारी पेशी थांबतच नाही. त्यासाठी कधी एकच चूक पुरते, आणि कधी डीएनएच्या अक्षरांत एकही नेमकी चूक दाखवता येत नाही.

जनुक म्हणजे सातबाऱ्यावरची नोंद. उताऱ्यावर ऊस लिहिला आहे म्हणून शेतात ऊस उभा असेलच असं नाही, आणि किती उभा आहे, त्याला पाणी कधी मिळालं, हे तर उताऱ्यावरून कळतच नाही. पेशीतही डीएनएवरून आरएनए बनतो, आरएनएवरून प्रथिन. प्रत्येक पायरीवर कमीजास्त होतं. आरएनए भरपूर असून प्रथिन थोडं, किंवा आरएनए बेताचाच असून प्रथिन टिकाऊ असल्यामुळे साचलेलं, असं सर्रास आढळतं. शिवाय प्रथिन बनलं म्हणजे ते कामाला लागलं असंही नाही. त्याच्यावर फॉस्फेटचा एक लहानसा गट बसला की अनेक प्रथिनं जागी होतात, तो निघाला की थंडावतात. हे गट बसवणारी काइनेज नावाची विकरं माणसात पाचशेच्या वर आहेत. ही यंत्रणा पहिल्यांदा उलगडणाऱ्या एडमंड फिशर आणि एडविन क्रेब्स यांना १९९२चं नोबेल मिळालं. कर्करोगावरची नव्या पिढीतली कितीतरी औषधं याच काइनेजना अडवणारी आहेत. औषध जाऊन चिकटतं ते बहुतेक वेळा प्रथिनालाच, आणि तरी आपण औषध निवडतो जनुकाचा अहवाल वाचून.

आता दोन गाठींची गोष्ट. ती जरा सविस्तर सांगण्यासारखी आहे.

पहिली गाठ डीआयपीजी. मेंदूच्या खालच्या टोकाला, जिथून श्वास, गिळणं, डोळ्यांच्या हालचाली असं सगळं सांभाळलं जातं त्या मस्तिष्कस्तंभात ती निरोगी पेशींमध्ये मिसळून पसरते. ती कापून काढता येत नाही. किरणोपचारांनी काही महिने मिळतात. निदानानंतर बहुतेक मुलं वर्षभराच्या आसपास जातात. नील आर्मस्ट्राँग यांची लहान मुलगी १९६२मध्ये याच आजारानं गेली. आर्मस्ट्राँग चंद्रावर जाऊन आले, आणि त्यानंतरही चाळीसेक वर्षं या गाठीच्या उपचारांत सांगण्यासारखा फरक पडला नाही. २०१२मध्ये दोन स्वतंत्र गटांना यात एक विलक्षण गोष्ट सापडली. पेशीतला डीएनए ज्या हिस्टोन प्रथिनांभोवती गुंडाळलेला असतो, त्यांतल्या एच-३ या हिस्टोनमध्ये २७व्या जागी लायसिन हे अमिनो आम्ल असतं. या गाठींमध्ये तिथं मेथिओनिन आलं होतं. पुष्कळशा गाठींमध्ये, आणि नेमकं त्याच जागी.

ती जागा महत्त्वाची आहे. २७व्या लायसिनवर मिथाइलचे तीन गट बसले की डीएनएचा तेवढा भाग बंद ठेवायचा, असा त्याचा अर्थ होतो. पीआरसी-२ नावाचा प्रथिनांचा एक संच ही खूण करत फिरतो. आता यातलं कोडं असं: एच-३ बनवणारी जनुकं पेशीत डझनाहून जास्त आहेत आणि बिघडलं आहे त्यातल्या एकाच जनुकाची एक प्रत. म्हणजे बदललेलं हिस्टोन एकूण हिस्टोनच्या थोड्याशाच भागात असणार. तरीही गाठीच्या पेशीत ही बंद ठेवणारी खूण जवळजवळ सगळीकडूनच पुसली गेलेली दिसते, चांगल्या हिस्टोनवरूनसुद्धा. २०१३मध्ये न्यूयॉर्कच्या रॉकफेलर विद्यापीठातल्या संशोधकांनी याचा उलगडा केला. बदललेलं हिस्टोन पीआरसी-२च्या कामकाजातच खोडा घालतं. स्वतःवर खूण बसू देत नाही ते नाहीच, इतरांवर बसवणाऱ्यालाही नडतं. एक जनुक बिघडून साऱ्या पेशीचा कारभार कसा फिरतो, हे जनुकाकडे पाहून कळलं नसतं. प्रथिनं एकमेकांना काय करतात ते पाहावं लागलं. याच बदललेल्या हिस्टोनच्या गाठींपैकी, उपचारांनंतर पुन्हा वाढलेल्यांसाठी डॉर्डाव्हिप्रोन या औषधाला ऑगस्ट २०२५मध्ये अमेरिकेत त्वरित मंजुरी मिळाली. हा बरा होण्याचा उपाय नव्हे, पण या गाठीच्या नावानं मिळालेली मंजुरी म्हणून तिला मोल आहे.

दुसरी गाठ एपेंडिमोमा, आणि त्यातही लहान मुलांच्या डोक्याच्या मागच्या खालच्या कप्प्यात होणारा 'पीएफए' हा प्रकार. २०१४मध्ये टोरांटोच्या गटानं या भागातल्या ४७ गाठींचा डीएनए वाचला. पुन्हापुन्हा दिसणारं एकही महत्त्वाचं एकाक्षरी उत्परिवर्तन मिळालं नाही. शून्य. एवढी जीवघेणी गाठ आणि जनुकांची पाटी जवळपास कोरी. पण काचेवर एच-३च्या त्या खुणेसाठी तपासणी लावली, तर डीआयपीजीसारखीच ती पुसलेली दिसत होती. हिस्टोन मात्र सगळं शाबूत होतं.

उत्तर आलं २०१८-१९च्या सुमारास. एक्स गुणसूत्रावर एक जनुक होतं. तोवर त्याच्याबद्दल इतकं कमी ठाऊक होतं, की गुणसूत्रावरचा पत्ता हेच त्याचं नाव होतं. त्याचं प्रथिन एरवी वृषणात आणि बीजकोशात बनतं. मेंदूत त्याचं काही काम नाही. पीएफए गाठींमध्ये मात्र ते भरमसाट बनत होतं, आणि बहुसंख्य गाठींमध्ये जनुक मुळीच बिघडलेलं नव्हतं. या प्रथिनाचा एक छोटा तुकडा डीआयपीजीतल्या बदललेल्या हिस्टोनच्या त्या भागाशी मिळताजुळता निघाला, मेथिओनिनसकट. ते जाऊन पीआरसी-२ला तसंच अडवतं. आता त्याला ईझिप म्हणतात. एका गाठीत जे काम बिघडलेल्या जनुकानं झालं, तेच दुसऱ्या गाठीत धड जनुकाच्या, चुकीच्या जागी बनलेल्या प्रथिनानं केलं. २०२१च्या जागतिक आरोग्य संघटनेच्या वर्गीकरणात मेंदूच्या मध्यरेषेवरच्या डीआयपीजीसारख्या ग्लायोमांचं नाव बदललं गेलं, त्यामागं हेच होतं: 'उत्परिवर्तित' हा शब्द जाऊन तिथं 'एच-३ के-२७ मध्ये बदल झालेला' असा व्यापक शब्द आला, कारण तोच परिणाम उत्परिवर्तनाशिवायही होतो हे कळून चुकलं होतं.

ईझिपचा छडा लागला तो बऱ्याचशा पारंपरिक मार्गांनी, एकेका सुगाव्याच्या मागं जाऊन. आधीपासून सुगावाच नसेल तर काय करायचं? इथं मास स्पेक्ट्रोमीटर येतो.

या यंत्राचं मूळ काम साधं आहे, वजन करणं. अख्खं प्रथिन मात्र त्यात घालून फारसा उपयोग होत नाही, म्हणून आधी त्याचे तुकडे करतात. त्यासाठी ट्रिप्सिन वापरतात, म्हणजे आपल्या स्वादुपिंडातून जेवण पचवायला येतं तेच विकर. ते वाटेल तिथं कापत नाही. लायसिन किंवा आर्जिनिन या अमिनो आम्लांच्या पुढंच कापतं. त्यामुळे कोणत्या प्रथिनाचे कोणते तुकडे पडणार हे जनुकांच्या माहितीवरून आधीच काढून ठेवता येतं. हे तुकडे, म्हणजे पेप्टाइड, एका बारीक नळीतून हळूहळू पुढं सरकतात आणि टोकाला विजेच्या दाबानं त्यांचा सूक्ष्म फवारा उडतो. द्रव उडून जातो, विद्युतभारित पेप्टाइड हवेत उरतात. एवढे मोठे नाजूक रेणू न मोडता हवेत कसे उचलायचे, या प्रश्नावर अनेक वर्षं घोडं अडलं होतं. ही फवाऱ्याची युक्ती रुळवणाऱ्या जॉन फेन यांना २००२च्या नोबेलचा वाटा मिळाला. मग यंत्र प्रत्येक पेप्टाइडचं वस्तुमान मोजतं, ते वायूच्या रेणूंवर आपटून फोडतं, आणि तुकड्यांची वस्तुमानं पुन्हा मोजतं. तुकड्यांवरून अमिनो आम्लांचा क्रम जुळवायचा आणि तो कोणत्या प्रथिनातला हे संगणकानं शोधायचं. फॉस्फेट बसलेलं असेल तर वजन जवळपास ८० डाल्टननं वाढलेलं येतं, म्हणजे प्रथिन कुठल्या जागी जागं केलेलं आहे हेही कळतं.

गाठी एकमेकींशी ताडून पाहायच्या असतील तर आणखी एक युक्ती आहे. दहा-अकरा गाठींच्या पेप्टाइडना वेगवेगळी रासायनिक लेबलं लावतात. सगळ्या लेबलांचं एकूण वजन सारखंच असतं, त्यामुळे सगळ्या गाठींमधलं एकच पेप्टाइड यंत्रात एकत्रच येतं. फोडल्यावर मात्र प्रत्येक लेबलातून वेगळ्या वजनाचा कण सुटतो, आणि कोणत्या गाठीत ते किती होतं याचं प्रमाण मिळतं. एकाच वेळी, एकाच मोजणीत ताडलेलं असल्यामुळे यंत्राच्या त्या त्या दिवसाच्या लहरींचा परिणाम कमी होतो. प्रयोगशाळेत काम केलेल्या माणसाला या सोयीची किंमत वेगळी सांगायला नको.

या तंत्रानं मुलांच्या मेंदूतल्या गाठींबद्दल पहिलं मोठं काम आलं ते मेड्युलोब्लास्टोमावर. मुलांच्या घातक मेंदूगाठींमध्ये ही सगळ्यात जास्त आढळणारी. लहान मेंदूत होते. हार्वे कुशिंग आणि पर्सिव्हल बेली यांनी १९२५मध्ये तिचं वर्णन केलं. २०१२मध्ये जाणकारांचं एकमत झालं की ही एक गाठ नसून चार आहेत: डब्ल्यूएनटी, एसएचएच, गट ३ आणि गट ४. शेवटच्या दोघींना नावंही मिळाली नाहीत, कारण त्या कशामुळे होतात तेच नीट कळलं नव्हतं. हे गट आरएनएच्या नमुन्यांवरून पाडलेले होते. सप्टेंबर २०१८मध्ये 'कॅन्सर सेल' या नियतकालिकात एकाच वेळी दोन अभ्यास आले, एक बोस्टनकडचा आणि एक पॅरिस-हायडेलबर्गचा.

बोस्टनच्या गटानं ४५ गाठींची प्रथिनं आणि फॉस्फेटच्या जागा मोजल्या. आरएनएवरून एकसारख्या दिसणाऱ्या एसएचएच गाठी प्रथिनांच्या पातळीवर सरळ दोन गटांत फुटल्या. गट ३मध्ये त्याहून बोलकी गोष्ट मिळाली. या गटात 'मिक' हे वाढीला चालना देणारं प्रथिन बदनाम आहे. त्याच्या जनुकाच्या जादा प्रती असल्या की मुलाचं पुढचं चित्र वाईट असतं. इथं असं दिसलं की मिकवर नंतर बसणाऱ्या रासायनिक खुणांचाही वाईट परिणामांशी संबंध आहे. जनुकाच्या प्रती मोजून हे कळणं शक्यच नाही. त्याच अभ्यासात डीएनएची डागडुजी करणाऱ्या एका काइनेजकडे बोट गेलं, आणि तिला अडवल्यावर मिकवर पोसलेल्या पेशी प्रयोगशाळेत किरणांना जास्त बळी पडल्या. पॅरिस-हायडेलबर्गच्या गटाला गट ४मध्ये ईआरबीबी-४ आणि सार्क या प्रथिनांची साखळी अवाजवी जागी असल्याचं दिसलं. ते नुसतं निरीक्षण राहू नये म्हणून त्यांनी उंदरांच्या मेंदूत सार्क जागं ठेवलं, सोबत पी-५३ हे राखणदार प्रथिन निकामी केलं, आणि गट ४सारख्या गाठी उगवल्या. सगळ्यात जास्त मुलांना होणारा हा गट, आणि त्याच्या मुळाशी काय असावं याचा एवढा ठोस धागा फॉस्फेट मोजल्यावर हाती आला.

हे सगळं शास्त्रज्ञांचं वर्गीकरणाचं वेड नव्हे. मेड्युलोब्लास्टोमाच्या मुलाला शस्त्रक्रियेनंतर संपूर्ण मेंदू आणि पाठीच्या कण्यावर किरणोपचार द्यावे लागतात: सरासरी जोखमीच्या मुलाला २३.४ ग्रे, जास्त जोखमीच्याला ३६ ग्रे, आणि गाठीच्या जागी वर आणखी. सहा-सात वर्षांच्या वाढत्या मेंदूवर एवढे किरण पडले की पुढं शिकणं मंदावतं, उंची खुंटते, संप्रेरकं कमी पडतात. डब्ल्यूएनटी गटातली मुलं दहातली नऊ वाचतात, म्हणून त्यांना १८ ग्रे किंवा त्याहून कमी देऊन भागेल का, याच्या चाचण्या सुरू झाल्या. हा गट ओळखण्याची एक खूण म्हणजे बीटा-कॅटेनिन हे प्रथिन पेशीच्या केंद्रकात शिरलेलं दिसणं. ते आहे की नाही हा प्रश्न नसतो, कुठं बसलं आहे हा असतो.

नोव्हेंबर २०२०मध्ये याहून मोठा पट मांडला गेला. फिलाडेल्फियाच्या बाल रुग्णालयाभोवती उभ्या राहिलेल्या गाठींच्या संग्रहातून, अमेरिकेच्या राष्ट्रीय कर्करोग संस्थेच्या प्रोटिऑमिक्स प्रकल्पाच्या साथीनं, सात प्रकारच्या २१८ गाठींचा डीएनए, आरएनए, प्रथिनं आणि फॉस्फेट असं सगळं एकत्र मोजलं गेलं. त्यात कमी घातक ग्लायोमा ९३ होते, एटीआरटी अवघ्या १२. गाठींना त्यांच्या प्रथिनांवरून गट पाडू दिले तेव्हा त्यांनी सूक्ष्मदर्शकाखालच्या सीमा पुष्कळदा पाळल्या, पण काही ठिकाणी मोडल्या, आणि खरी गंमत तिथंच आहे.

उदाहरण क्रॅनियोफॅरिंजिओमाचं. पियूष ग्रंथीच्या शेजारची ही गाठ कागदोपत्री सौम्य, प्रत्यक्षात मुलाचं आयुष्य उलथंपालथं करणारी. डोळ्यांच्या नसा दाबल्या जातात, संप्रेरकं बंद पडतात, भुकेचं केंद्र दुखावलं तर मूल सतत खात राहतं. मुलांमध्ये होणाऱ्या प्रकारात बी-रॅफ या वाढीला चालना देणाऱ्या जनुकाचं, काही ग्लायोमांत दिसणारं प्रसिद्ध उत्परिवर्तन नसतं, त्यामुळे बी-रॅफच्या साखळीवरची औषधं या मुलांसाठी मनातही आली नसती. पण या अभ्यासात काही क्रॅनियोफॅरिंजिओमा प्रथिनांच्या पातळीवर बी-रॅफ उत्परिवर्तन असलेल्या ग्लायोमांच्या पंगतीला जाऊन बसले. उत्परिवर्तन नाही, पण साखळी तशीच चालू. ग्लायोमाच्या त्या मुलांसाठी डॅब्राफेनिब आणि ट्रॅमेटिनिब ही जोडी २०२३मध्ये अमेरिकेत मंजूर झाली आहे. तीच साखळी क्रॅनियोफॅरिंजिओमात अडवून पाहावी का, हा प्रश्न विचारण्याजोगा झाला तो प्रथिनांमुळे. अभ्यासातल्या अशा सोळा गाठींवरून उपचार ठरत नाहीत, हेही तितकंच खरं. असे निकाल वाचताना मला नेहमी आकडा आधी पाहावासा वाटतो आणि मथळा नंतर. मात्र अभ्यासातली आकडेवारी संशोधकांनी खुली ठेवली आहे. दुसऱ्या गाठी घेऊन ते ताडून पाहायला कुणालाही आडकाठी नाही.

अडचणी पुष्कळ आहेत, आणि त्यांतली सर्वांत मोठी मूलभूत आहे. डीएनए थोडा असला तर पीसीआरनं त्याच्या कोट्यवधी प्रती काढता येतात. प्रथिनांची प्रत काढणारी अशी कुठलीही युक्ती नाही. जेवढं हाती आलं तेवढंच. मस्तिष्कस्तंभातून सुईनं काढलेला तुकडा तांदळाच्या दाण्याएवढासुद्धा नसतो, आणि त्यातूनच निदान, डीएनए आणि प्रथिनं सगळं भागवायचं असतं. शिवाय तो तुकडा नुसत्या गाठीचा नसतो. रक्तवाहिन्या, रोगप्रतिकारक पेशी, चुकून आलेला निरोगी मेंदू, सगळ्यांची प्रथिनं त्यात मिसळलेली असतात. मिकसारखी नियंत्रक प्रथिनं मुळात तुरळक, त्यामुळे ती भरपूर असलेल्यांच्या गर्दीत हरवतात.

मेंदू-मज्जाजलातून प्रथिनं पकडता आली तर सुईचीही गरज कमी होईल. एका गाठीपुरतं हे आजही होतं. जननपेशींपासून मेंदूत होणाऱ्या काही गाठी एएफपी आणि बीटा-एचसीजी ही प्रथिनं रक्तात आणि मज्जाजलात सोडतात. ती पुरेशी वाढलेली असतील आणि एमआरआयवरचं चित्र जुळत असेल, तर बायोप्सी न करताच उपचार सुरू करता येतात. बाकी गाठींसाठी असं काही अजून रोजच्या वापरात नाही. मज्जाजलातल्या प्रथिनांत अल्ब्युमिनचाच भरणा एवढा, की त्याखाली दबलेलं गाठीचं प्रथिन शोधणं अवघड जातं.

आपल्याकडे या सगळ्याचं काय? जिल्ह्याच्या गावी शस्त्रक्रिया झालेलं मूल 'टाटाला दाखवायला' येतं, तेव्हा वडिलांच्या पिशवीत फाइलबरोबर ब्लॉक आणि स्लाइड असतात. ब्लॉक म्हणजे फॉर्मॅलिनमध्ये बुडवून मेणात बसवलेला तुकडा. पुढचं पुष्कळसं या ब्लॉकमधून काय निघतं यावर अवलंबून असतं. म्हणूनच टाटाच्याच खारघरच्या ॲक्ट्रेक या संशोधन केंद्रात नीलम शिरसाट यांच्या गटानं २०१३मध्ये मेणातल्याच तुकड्यांतून, काही जनुकांचा आरएनए आणि मायक्रो-आरएनए मोजून मेड्युलोब्लास्टोमाचे चार गट ओळखणारी पीसीआर तपासणी मांडली, ते मला फार व्यवहारी काम वाटतं. प्रथिनांच्या बाजूनं, बीटा-कॅटेनिन, गॅब-१, याप-१ आणि फिलामिन-ए यांच्या आयएचसीवर डब्ल्यूएनटी, एसएचएच आणि उरलेले दोन मिळून एक, अशी विभागणी बऱ्यापैकी साधते. त्याला कोट्यवधींचं यंत्र लागत नाही. चांगली प्रतिपिंडं आणि सरावलेली नजर लागते. मास स्पेक्ट्रोमीटरच्या पातळीवर आयआयटी मुंबईत संजीव श्रीवास्तव यांच्या प्रयोगशाळेनं ग्लायोमा आणि मेनिन्जिओमा या मेंदूच्या गाठींच्या प्रथिनांवर काम केलं आहे. आयआयटी मुंबई आणि टाटा मेमोरियल यांनी २०१८मध्ये अमेरिकेच्या राष्ट्रीय कर्करोग संस्थेशी या क्षेत्रात सहकार्याचा करारही केला.

मेणातल्या तुकड्यातून प्रथिनं आता बरीचशी वाचता येतात. फॉस्फेटचं तसं नाही. गाठीचा रक्तपुरवठा तुटला की पेशी घाबऱ्या होतात आणि काही मिनिटांतच फॉस्फेटच्या खुणा बदलू लागतात. मग यंत्र मोजतं ते गाठीचं वागणं नसून ट्रेमध्ये पडून राहिलेल्या तुकड्याचं. बोस्टन किंवा फिलाडेल्फियासारखा अभ्यास इथल्या मुलांच्या गाठींवर करायचा, तर पहिली गरज यंत्राची नाही. शस्त्रक्रियागृहाच्या दाराशी उणे १९६ अंशांच्या द्रवरूप नायट्रोजनचा डबा हवा, तुकडा हाती आल्याआल्या त्यात टाकणारा माणूस हवा, आणि कापल्याची वेळ व गोठवल्याची वेळ असे दोन रकाने असलेला कागद हवा.